जट पडते कशी, जट घडते कशी

जट दोन वाटांनी तयार होते. एक डोक्यावर आपोआप पडते, दुसरी हाताने घडवली जाते. आपोआप पडणारी जट माणसाच्या स्वतःच्या केसांची असते. घडवलेली जट ताग, लोकर किंवा कृत्रिम धाग्याची असते आणि हवी तेव्हा डोक्यावरून उतरवून ठेवता येते. अहिल्यानगर जिल्ह्याला या दोन्ही जटा परक्या नाहीत. पाथर्डी तालुक्यातल्या मढीला होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत कानिफनाथांची यात्रा भरते. भटक्यांची पंढरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात जटाधारी साधू नेहमीचेच. देवीच्या यात्रांना पदराखाली जट झाकून येणाऱ्या बायकाही असतात. संगमनेर हे तमाशाच्या फडांचे गाव. तमाशा कलावंत कांताबाई सातारकरांचे वास्तव्य इथेच होते. फडाच्या पेटीत टोप, दाढ्या, मिशा आणि ऋषीच्या जटा साड्या-घुंगरांइतक्याच गरजेच्या. आता या सोंगाच्या जटांची जागा कृत्रिम धाग्याच्या जटा घेऊ लागल्या आहेत. चित्रफिती पाहून त्या घरी बनवू पाहणारी तरुण मुलेमुलीही आहेत. ही कला शिकण्यासारखी आहे, आणि तिच्यातून आपोआप पडणाऱ्या जटेविषयीही बरेच काही कळते.

जट का पडते हे समजायला आधी केस पाहावा लागतो. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्याच्या पृष्ठभागावर अतिशय बारीक खवले एकमेकांवर चढलेले असतात आणि त्यांची टोके केसाच्या शेंड्याकडे असतात. म्हणून केसावरून मुळाकडून शेंड्याकडे बोट फिरवले तर ते गुळगुळीत सरकते, उलट फिरवले तर किंचित अडते. केस ओला, घासलेला आणि दाबलेला असला की हे खवले एकमेकांत अडकतात. एकदा अडकलेला केस पुढे सरकतो, मागे येत नाही. मेंढीच्या लोकरीत हीच गोष्ट घडते आणि माणसाने तिचा हजारो वर्षे उपयोग करून घेतला आहे. जामखेड तालुक्यातले चौंडी हे अहिल्यादेवी होळकरांचे जन्मगाव, आणि त्यांच्या नावाचा हा जिल्हा धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांचा. या मेंढीची लोकर कातून घोंगडी विणतात आणि ओली लोकर नुसती दाबून, लाटून बुरणूस करतात. बुरणुसात ताणाही नाही आणि बाणाही नाही. धागे नुसते एकमेकांत घट्ट अडकलेले असतात. डोक्यावरची जट म्हणजे याच प्रक्रियेने झालेला माणसाच्या केसांचा बुरणूस.

माणसाच्या डोक्यावर साधारण १ लाख केस असतात आणि त्यांतले ५० ते १०० रोज गळतात. रोज विंचरणाऱ्या बाईच्या फणीत ते गुंतवळ होऊन निघून येतात. विंचरणे थांबले की गळलेला केसही डोक्यावरच राहतो, शेजारच्या जिवंत केसांत अडकतो आणि त्यांना बांधून टाकतो. वर्षभरात असे १८ हजारांपासून ३६ हजारांपर्यंत केस आतल्या आत साठू शकतात. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर किंवा थोडे जास्त वाढतात, त्यामुळे गाठ टाळूपासून दूर सरकते आणि तिच्या मागे नवी गाठ तयार होते. तेल, घाम, धूळ, हळद आणि भंडारा या गुंत्यात बसतात आणि तो चिकट होऊन कडक होतो. बाळंतपण, लांबलेला ताप, अंथरुणाला खिळवणारे आजारपण, मनाचे दुखणे अशा काळात विंचरणे राहून जाते, म्हणून जट बहुधा तेव्हाच सुरू होते. कुरळ्या, दाट आणि लांब केसांत ती लवकर पडते. डोक्यात उवा असल्या तर खाजवण्याने गुंता वाढतो. एवढ्या सगळ्यात अलौकिक असे काही नाही.

हाताने घडवलेल्या जटेचा इतिहास वेषभूषेचा आहे. घारापुरीच्या लेण्यातला गंगाधर शिव जटामुकुट घालून उभा आहे, आणि रंगभूमीवर शंकर किंवा ऋषी उभा करायचा तर जट लागतेच. जुन्या काळी ती तागाची किंवा अंबाडीच्या वाखाची करत. वाख धुऊन, काळा रंगवून, पिळून कापडी टोपीवर शिवत. अकोले तालुक्याच्या डोंगराळ पट्ट्यातला बोहाडा हा सोंगांचा उत्सव असो की गावजत्रेतले आख्यान, सोंगाला लागणारे केस याच मार्गाने तयार होत. ताग आणि अंबाडी दोन्ही वनस्पतीचे धागे, म्हणजे कागदासारखे पेट घेणारे. दिवट्यांच्या आणि गॅसबत्त्यांच्या उजेडात चालणाऱ्या खेळाला ही जोखीम कायमची होती. घरातल्या बायकांचा मार्ग वेगळा होता. विरळ वेणी भरदार दिसावी म्हणून तिच्यात गंगावन घालत. आज कासाराच्या दुकानात किंवा यात्रेतल्या पालावर जे गंगावन मिळते ते बहुतेक कृत्रिम धाग्याचे असते, आणि कृत्रिम जटेचा कच्चा माल याच कुळातला आहे.

या धाग्यांत सर्वाधिक नाव झाले ते कानेकालोनचे. जपानच्या कानेका कंपनीने हा धागा १९५७ साली बाजारात आणला. तो मोडॅक्रिलिक जातीचा आहे. म्हणजे त्यात अ‍ॅक्रिलोनायट्राइल हा मुख्य घटक ३५ ते ८५ टक्के असतो आणि उरलेल्या भागात क्लोरीन असलेले घटक मिसळतात. क्लोरीनमुळे हा धागा सहजी पेटत नाही आणि ज्योत दूर केली की विझतो. टोपासाठी आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या वेण्यांसाठी तो जगभर खपला. जमैकात १९३० च्या दशकात उदयाला आलेल्या रास्ताफारी पंथाने स्वतःच्या केसांच्या जटांना धर्माचे आणि स्वाभिमानाचे चिन्ह केले, आणि १९७० च्या दशकात बॉब मार्लीच्या गाण्यांबरोबर ते रूप सगळीकडे पोचले. पुढे युरोपातल्या संगीतवेड्या तरुणांनी कानेकालोनच्या रंगीत जटा घरी बनवायला सुरुवात केली. स्वतःच्या केसांना हात न लावता जट मिळते, हे त्यांना भावले. बाजारात मोडॅक्रिलिकशिवाय पीव्हीसीचे आणि पॉलिएस्टरचे धागेही केस म्हणून विकले जातात. वेष्टनावर काय लिहिले आहे यावर विसंबण्यापेक्षा धागा पारखून घेतलेला बरा.

पारख सोपी आहे. चार-पाच धागे कापून उकळत्या पाण्यात चिमट्याने बुडवायचे. लगेच आखडले, कुरळे झाले किंवा मऊ पडून चिमट्याला लोंबले, तर धागा वाफेने आकार घेईल. काहीच फरक पडला नाही तर तो उष्णतेला टिकणारा प्रकार आहे आणि त्याला जास्त तापमान लागेल. दुसरी परीक्षा ज्योतीची. ती अंगणात, चिमट्यात धरलेल्या दोन-तीन धाग्यांवरच करायची. खरा केस जळताना पीस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक काळा मणी होतो. हा मणी गार होईपर्यंत त्वचेला लागू द्यायचा नाही, कारण वितळलेले प्लास्टिक कातडीला चिकटून भाजत राहते.

पारखलेला धागा आधी धुवावा. काही धाग्यांवरच्या लेपाने टाळूला खाज सुटते, म्हणून वेण्या घालणारे लोक तो पांढऱ्या व्हिनेगरच्या पातळ पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून, स्वच्छ पाण्याने खळबळून सावलीत वाळवतात. स्वस्त मालाबाबत अधिक सावध राहावे लागते. अमेरिकेतील कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकसंस्थेने २०२५ साली वेण्यांच्या कृत्रिम केसांचे १० नमुने तपासले, तेव्हा त्यांतल्या ९ मध्ये शिसे आढळले. लहान मुलांच्या डोक्यावर असा माल महिनोन्‌महिने ठेवू नये.

जटेची लांबी ठरवताना आखडणे धरावे लागते. उलटा कंगवा, पीळ आणि वाफ यांनी धागा मूळ लांबीच्या साधारण एक तृतीयांशाने कमी होतो. हातभर, म्हणजे ४५ सेंटिमीटर लांबीची जट हवी असेल तर मधोमध दुमडल्यावर ६५ ते ७० सेंटिमीटर भरेल एवढा धागा घ्यावा लागतो. जट एकेरी असते किंवा दुहेरी. दुहेरी जट मधोमध सपाट ठेवून दोन्ही बाजूंनी वळतात आणि डोक्यावर ती मधल्या भागाने बांधतात, त्यामुळे एका गाठीत दोन जटा लोंबतात. एकेरी जटेच्या वरच्या टोकाला फासा ठेवतात. नवशिक्याने एकेरीपासून सुरुवात करावी, कारण तिच्यात चूक लवकर दिसते.

पेन्सिलीएवढी जाड लट वेगळी करून तिचा मधला भाग खिडकीच्या गजाला किंवा भक्कम खुंटीला अडकवायचा. दोन्ही पदर एकत्र करून ताणून धरायचे आणि गजापासून चार बोटे अंतरावर बारीक दातांची फणी घालून ती गजाकडे लोटायची. विंचरताना फणी खाली येते, इथे ती वर जाते. दर लोटण्याला काही धागे मागे सरकून गोळा होतात. आठ-दहा वेळा लोटले की तेवढा भाग फुगून फेसासारखा होतो. मग पुढची चार बोटे. धातूची फणी असावी, प्लास्टिकचे दात मोडतात. फुगवटा सगळीकडे सारखा आला पाहिजे. एका जागी जास्त गोळा झाला तर तिथे गाठ दिसते, कमी झाला तर जट तिथे वाकते आणि पुढे तिथूनच उसवते. शेवटची तीन-चार बोटे हलक्या हाताने फुगवायची, म्हणजे टोक निमुळते येते. ही मेहनत कंटाळवाणी आहे आणि तिला आडवाट नाही. कच्च्या फुगवलेल्या जटेला कितीही वाफ दिली तरी ती आतून पोकळ राहते.

फुगवलेली लट आता पिळायची. टोक बोटांत धरून एकाच दिशेने पीळ भरत जायचे, आणि जट स्वतःभोवती वळू पाहू लागली की थांबायचे. सुटे धागे बाहेर डोकावत असतील तर तळहातांत धरून, समईची वात वळतात तशी ती वळून घ्यायची. पीळ हातातून सुटू देता येत नाही. म्हणून वाफ देण्याच्या वेळी दोन माणसे असावीत, किंवा टोकाला मजबूत चाप लावून ते दुसऱ्या गजाला ताणून बांधावे.

सगळ्या कामाचा कस लागतो तो उष्णतेच्या टप्प्यावर. कृत्रिम धागा लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचा असतो. थंड असताना या साखळ्या जागच्या जागी जखडलेल्या असतात. ठरावीक तापमानाच्या वर त्या सैल होतात आणि धागा ज्या आकारात धरला असेल त्या आकाराशी जुळवून घेतात. पुन्हा गार झाले की तोच आकार कायम होतो. पीव्हीसीच्या बाबतीत हे तापमान सुमारे ८० अंश सेल्सिअस आहे, पॉलिएस्टरच्या बाबतीत ७० ते ८० अंश. वितळण्याची पातळी याच्या बरीच वर असते. पॉलिएस्टर २५० अंशांच्या पुढे वितळते. जट बसवण्यासाठी धागा सैल व्हायला हवा, पण तो वितळायला नको. या दोन पातळ्यांच्या मधल्या पट्ट्यात काम करायचे असते आणि पाण्याची वाफ नेमकी त्या पट्ट्यात बसते. वाफ उघड्यावर १०० अंशांच्या वर जात नाही. अहिल्यानगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर असल्याने तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. एवढी उष्णता नेहमीच्या धाग्याला पुरते आणि त्याला जाळत नाही. वाफेवर काम करणाऱ्याचा माल सहसा फुकट जात नाही, तो याचमुळे.

घरी यासाठी कपड्यांना वाफ देण्याचे यंत्र सर्वांत सोयीचे. त्याचे तोंड जटेपासून दोन बोटे दूर ठेवून वरून खाली अगदी सावकाश न्यायचे. वाफ लागली की जट डोळ्यांदेखत बदलते. फुगवटा बसतो, बाहेर आलेले धागे आत ओढले जातात, पृष्ठभाग घट्ट होतो. जट फिरवून चारही बाजूंनी वाफ द्यायची. मग वाफ थांबवून, पीळ तसाच धरून, ती पूर्ण गार होऊ द्यायची. इथे घाई केली तर सगळे काम उसवते, कारण आकार गरम असताना नाही, गार होताना बसतो. गार झालेली जट हातातून सोडल्यावर उलगडली नाही तर ती पक्की झाली. थोडी सैलावली तर पुन्हा पीळ भरून पुन्हा वाफ द्यावी. टोक बंद करायला ते उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवले तरी पुरते.

प्रेशर कुकरची शिट्टी काढून त्या भोकातून येणाऱ्या वाफेवर जट धरण्याचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे. वाफ उकळत्या पाण्यापेक्षा जास्त भाजते. १ ग्रॅम वाफेचे त्वचेवर पाणी होताना सुमारे २,२६० ज्यूल उष्णता बाहेर पडते, आणि त्यानंतर ते उकळते पाणी भाजते ते वेगळेच. हातात जाड सुती मोजे हवेत, बाह्या लांब हव्यात, जवळ गार पाण्याची बादली हवी. केस वाळवायचा ड्रायर या कामाला बहुधा अपुरा पडतो. रंग उतरवायची हीट गन उलट्या बाजूने धोक्याची, कारण तिची हवा अनेक शे अंशांपर्यंत तापते आणि धागा क्षणात वितळून काचेसारखा कडक होतो. केस सरळ करण्याची इस्त्री वापरायचीच असेल तर सर्वांत कमी तापमानावर, बेकिंगच्या कागदाची घडी मध्ये ठेवून. मेणबत्ती किंवा लायटरने टोक वितळवण्याची पद्धत बरीच चालते, पण तिच्यात राखण्यासारखे काही नाही. टोक टोचरे होते, हात भाजतो. शिवाय मोडॅक्रिलिक जळताना हायड्रोजन सायनाइड आणि पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड असे विषारी वायू निघतात. बंद खोलीत हे कधीच करू नये. आणि जट डोक्यावर बांधून झाल्यावर तिच्याजवळ कोणतीही उष्णता नेऊ नये, एवढा नियम तरी घरातल्या मुलांना पाठ असावा.

खऱ्या केसाला ही रीत लागू पडत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. केराटिन वितळत नाही. जास्त तापले की ते करपते आणि तुटते. म्हणून खऱ्या केसांची जट उष्णतेने पक्की करता येत नाही. ती गुंत्याने, घर्षणाने आणि काळानेच होते. पार्लरमध्ये खऱ्या केसांच्या जटा बनवतात तेव्हा बारीक क्रोशाची सुई वापरून केस आतबाहेर ओढून गुंतवतात. आपोआप जे महिन्यांत होते ते तिथे काही तासांत हाताने होते.

घडवलेली दुहेरी जट डोक्यावर बांधायला स्वतःचे केस किमान चार बोटे लांब लागतात. केसांचा लहानसा चौकोन वेगळा काढून त्याचे दोन भाग करायचे, मध्ये जटेचा सपाट भाग ठेवायचा आणि तिपेडी वेणी घालून शेवटी रबर लावायचे. चौकोन फार लहान घेतला तर थोड्या केसांवर सगळा भार येतो. पूर्ण डोक्याच्या जटांचे वजन पाव ते अर्धा किलो होऊ शकते, आणि ओल्या झाल्या की त्याहून जास्त. बांधल्यावर टाळू दुखत असेल, कपाळावर पुटकुळ्या उठत असतील, तर जट सैल करून पुन्हा बांधावी. सतत ओढ बसून केस मुळापासून जाण्याच्या विकाराला त्वचारोगतज्ज्ञ ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतात आणि तो लांबला तर गेलेले केस परत येत नाहीत. सहा ते आठ आठवड्यांनी जटा उतरवून केस विंचरून काढावेत. तेव्हा हातात येणारे गुंतवळ पाहून घाबरू नये. ते त्या दोन महिन्यांत नैसर्गिकपणे गळलेले केस असतात. एवढ्या दिवसांत टाळू पातळ केलेल्या शाम्पूने धुवावी आणि जटा आतपर्यंत वाळवाव्यात. अहिल्यानगरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि जटेखाली घाम साचतो. पावसाळ्यात जटा लवकर वाळत नाहीत आणि कुबट वास येतो. हिवाळा हाच या हौसेचा योग्य काळ.

एवढी खटपट करून जे साधते तेच आजारपणातल्या केसांत न मागता होते, आणि तिथे त्याला देवीचे बोलावणे ठरवले जाते. यल्लम्मा, रेणुका यांच्या भक्तिपरंपरेत मुलीच्या केसांत जट दिसली की देवीने तिला मागितले, अशी समजूत महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात पिढ्यान्‌पिढ्या आहे. जट कापली तर घरात कुणी मरेल, अंधत्व येईल, रक्त वाहील, अशी भीती घातली जाते. याच जटेपायी कित्येक मुली देवाला सोडल्या गेल्या. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांवर आधारलेल्या ‘जोगवा’ या २००९ च्या चित्रपटात नायिकेचे आयुष्य असेच जटेपायी देवीला वाहिले जाते. महाराष्ट्राने २००५ साली देवदासी प्रथेच्या निर्मूलनाचा कायदा केला. समर्पण थांबले तरी जटेची भीती घराघरांत शिल्लक राहते. जट वाढत जाते, मान दुखते, झोप लागत नाही, उवा आणि जखमा होतात. धुतले तर वाळत नाही, न धुतले तर वास येतो. ज्या बाईच्या डोक्यावर देवीचे वास्तव्य मानतात, तिच्या शेजारी बसायला लोक कचरतात. ही यातना सोसणाऱ्या बायकांविषयी समाजाने दाखवलेली उदासीनता गंभीर आहे.

ही समजूत फक्त आपल्याकडचीच नाही. पोलंडमध्ये शतकानुशतके अशीच जट डोक्यावर वागवत. तिच्यामुळे शरीरातला रोग बाहेर पडतो आणि ती कापली तर माणूस आंधळा किंवा वेडा होतो, असे तिथले लोक मानत. वैद्यकाने या अवस्थेला त्या देशाच्याच नावावरून प्लिका पोलोनिका असे नाव दिले. १९ व्या शतकात क्राकूव्ह येथील वैद्य युझेफ दित्ल यांनी हा रोग नसून अस्वच्छतेचा आणि अंधश्रद्धेचा परिणाम आहे असे दाखवून जटा कापण्याची मोहीम चालवली. दित्ल पुढे त्या शहराचे महापौर झाले. पोलंडमध्ये आज ही जट संग्रहालयात पाहावी लागते.

महाराष्ट्रात हे काम डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने उचलले. पुण्यातील कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांनी शेकडो बायकांची जट स्वतःच्या हातांनी कापली आहे. त्यांचा मूळ व्यवसाय ब्यूटी पार्लरचा. केसांची कात्री चालवण्याचे कसब आणि माणसाशी बोलण्याचा धीर या दोन्ही गोष्टी त्या कामात एकत्र आल्या. जट कापणे हे घाईने उरकण्याचे काम नाही. आधी बाईशी आणि तिच्या घरच्यांशी बोलावे लागते, बहुधा एकाहून अधिक वेळा. सासू, नवरा, भाऊ यांच्यापैकी कुणाच्या मनात भीती राहिली तर पुढच्या प्रत्येक ताप-खोकल्याचे खापर त्या बाईच्या डोक्यावर फुटते. संमती मिळाल्यावर टाळूला धरून मोकळे केस बाजूला काढतात आणि जट मुळाजवळून थोडी थोडी कापतात. टाळूपासून बोटभर अंतरापर्यंत केस बहुधा मोकळेच असतात, म्हणून पूर्ण डोके भादरावे लागत नाही. जट नुकतीच पडली असेल, आतून कडक झालेली नसेल, तर खोबरेल तेल किंवा कंडिशनर भरपूर मुरवून, शेंड्याकडून मुळाकडे जात, एकेक बट सोडवता येते. टाळूवर जखम, पू किंवा अळ्या असतील तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

कायद्याचा आधारही आहे. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. अंगात दैवी शक्ती असल्याचे भासवून इतरांच्या मनात भीती घालणे आणि सल्ला न मानल्यास वाईट होईल अशी धमकी देणे हा या कायद्यानुसार गुन्हा आहे. शिक्षा ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत आणि दंड ५ हजारांपासून ५० हजार रुपयांपर्यंत आहे. जट कापू नकोस म्हणून कुणी बुवा किंवा देवऋषी धमकावत असेल तर पोलीस ठाण्यात तक्रार देता येते.

शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत कृत्रिम जट बनवून दाखवण्यासारखी आहे. गंगावनाची एक लट, एक फणी, एक वाफेचे यंत्र आणि शेजारी ओली करून हातात चोळलेली लोकर, एवढे साहित्य पुरते. तासाभरात मुलांच्या डोळ्यांसमोर जट तयार होते आणि तिच्यात देवीचा हात कुठे होता हा प्रश्न मुलेच विचारतात. यात्रांच्या गावांतल्या शिक्षकांनी हा प्रयोग जरूर करून पाहावा.

घरात, शेजारी किंवा नात्यात जट असलेली बाई असेल, तर तिच्याशी आधी तिच्या मानदुखीविषयी आणि झोपेविषयी बोलावे, देवीविषयी नंतर. मग अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या जवळच्या कार्यकर्त्यांना किंवा सरकारी रुग्णालयातल्या त्वचारोगतज्ज्ञांना गाठावे. जट उतरवल्यावर केस पूर्वीसारखेच वाढतात आणि वर्षभरात साधारण १२ ते १५ सेंटिमीटर होतात. तेवढ्या केसांची छोटी वेणी सहज येते, आणि हौस असली तर तिच्यात गंगावनही घालता येते.